खंड्याचं काय करायचं, ते आधी सासूबाईंना विचारा

पत्र:

"ताई, आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सासर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. सासरे श्रावणात गेले. त्यांचा खंड्या, ११ वर्षांचा गावठी कुत्रा, आता सासूबाईंजवळ असतो. चंपाषष्ठीला पिल्लू म्हणून घरी आला, म्हणून खंड्या. माझा मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. दर शनिवारी गावी जायचं म्हणून दोघं नाचतात ती निम्मी त्याच्यासाठी. सासरे असताना तो त्यांच्याबरोबर फाट्यावर येऊन आमच्या बसची वाट बघायचा. आता येत नाही, धड खात नाही, सोप्यात सासऱ्यांच्या खुर्चीखाली पडून असतो. मुलगा म्हणतो, 'खंड्याला आम्ही नको झालो.' गेल्या रविवारी तो झोपलेला असताना मुलगी त्याच्या गळ्यात पडली. तो गुरकावून वळला, तिच्या मनगटाला दात लागला. रक्त आलं नाही, ओरखडा उठला. सासूबाईंनी हळद दाबली. तेव्हापासून आमचे हे म्हणतात, दिवाळी झाली की आईला बेळगावला आणू, कुत्रं शेजाऱ्यांकडं सोडू, मुलांना सांगू पळून गेलं म्हणून. पाहिजे तर मुधोळ जातीचं पिल्लू आणू, आठ दिवसांत विसरतील. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. सासूबाई काहीच बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, 'त्येला भाकर घालायची म्हणून उठतो बघ मी, न्हाईतर कुणासाठी चूल पेटवायची?' आणि खंड्याचंही वय झालंय. तो गेला तर मुलांना ते बघू द्यावं का?"

एक वाचक, बेळगाव

उत्तर:

ताई, ओरखड्याचं मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर सांगितलं आणि तुम्ही लेकीला घेऊन लगेच दवाखान्यात गेलात, फार बरं केलंत. बाकीच्या वाचकांसाठी ते इथं पुन्हा लिहिते, कारण आपल्या गावांत हळद, चुना, तिखट लावून घरी बसणारे आजही आहेत. घरचं कुत्रं असो की बाहेरचं, दात लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. वर काही दाबायचं नाही, पट्टी बांधायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्त नाही आलं, नुसता ओरखडा आहे, तरी रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे डोस असतात. लस कातडीत न देता दंडाच्या स्नायूत टोचत असतील तर मध्ये चौदाव्या दिवशी आणखी एक. तारखा डॉक्टर लिहून देतात, त्यातली एकही चुकवायची नाही. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर इलाज नाही, आणि उठण्याआधी वेळेवर लस घेतली तर तो टळतो. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या शंभरातल्या जवळपास नव्व्याण्णव घटना कुत्र्यापासून होतात आणि त्यात लहान मुलांचा वाटा मोठा आहे. मुलं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात, आणि चावल्याचं रागे भरतील म्हणून लपवतात.

खंड्याला लस शेवटची कधी टोचली ते घरात कुणालाच ठाऊक नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते सगळं सासऱ्यांच्या डोक्यात होतं. तेव्हा दात लागल्यापासून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. तो नीट चालतोय, पाणी पितोय, ओळखतोय, तर काळजीचं कारण उरत नाही, पण लेकीचे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दहा दिवस झाले की खंड्याला लस टोचून घ्या, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा आणि पुढच्या वर्षीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. ते काम थोरल्याला द्या.

आता तुमचा खरा प्रश्न.

पत्र मी दोनदा वाचलं. त्यात यजमान काय म्हणतात ते आहे, मुलं काय म्हणतात ते आहे, तुमची घालमेल आहे. ज्यांचं घर, ज्यांचा कुत्रा, ज्यांना उचलून टिळकवाडीत आणायचं चाललंय, त्यांचं मात्र एकच वाक्य आहे. आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे. एकट्या बाईला स्वतःपुरतं रांधायचा कंटाळा येतो. चहा-बटरवर दिवस निघतो, दुपारी कालचा भात, रात्री पाणी पिऊन झोप. आपल्या भागातल्या किती तरी घरांत म्हातारा गेल्यावर म्हातारी सहा महिन्यांत वाळत जाते, आणि आपण म्हणतो, तिनं धसका घेतला. तुमच्या सासूबाई सकाळी उठून चूल पेटवतात, नाचण्याची भाकरी थापतात, कारण दाराशी कुणीतरी भुकेलं आहे. त्या निमित्तानं त्याही चतकोर खातात. खंड्या शेजाऱ्यांकडं गेला तर ही चूल विझेल. यजमानांना कुत्र्याचं ओझं दिसतंय. ते ओझं त्यांच्या आईला सकाळी उठवतंय, हे त्यांना सांगा. तुम्हाला का पटत नाही ते शोधत होता ना, हेच ते असावं.

म्हणून आधी सासूबाईंना विचारा. सगळे बसलेले असताना, मुलांसमोर, "आई, दिवाळीनंतर येणार ना?" असं विचारू नका. त्याला त्या 'हूं' म्हणतील आणि तेवढ्यावर सामान बांधलं जाईल. भांडी घासताना, जनावरांना वैरण टाकताना, दोघीच असताना विचारा: तुम्हाला इथं राहायचंय का? वर्षश्राद्धापर्यंत तरी? रात्रीची भीती वाटते का? गुडघ्याचं, बीपीचं काय? औषधं वेळेवर घेता का? उत्तर एका बैठकीत येणार नाही. दोन-तीन शनिवार जातील, जाऊ द्या. त्यांची तब्येत बरी असेल आणि मन तिथं असेल तर मी त्यांना वर्षभर हलवणार नाही. जांबोटी काही परमुलूख नाही, बेळगावहून तासाभराची वाट. यजमानांनी बुधवारी एक चक्कर मारावी, शनिवारी तुम्ही सगळे आहातच.

त्या राहिल्या तर एक गोष्ट मात्र ठरवून करा: दिवे लागले की खंड्या घरात. तुमचा भाग भीमगड अभयारण्याच्या शेजारचा. २०११ साली अभयारण्य जाहीर झालं, पण जंगल आणि बिबट्या त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. बिबट्याला गावातलं कुत्रं म्हणजे सोपी शिकार, त्यातून म्हातारं, कमी ऐकू येणारं आणि साखळीला बांधलेलं असलं तर बघायलाच नको. शेजाऱ्यांकडं सोडायला माझा विरोध आहे तो यासाठीही. शेजारी वाईट नसतात. पण त्यांचा स्वतःचा कुत्रा असेल, खंड्याला अंगणात बांधतील, रात्री तो आपल्या जुन्या दाराकडं तोंड करून भुंकत बसेल. सासरे त्याला रात्री आत घ्यायचे का, हे सासूबाईंना विचारा. घेत असणार. त्या भागातली जुनी माणसं उगाच कुत्र्याला सोप्यात झोपू देत नाहीत.

आणि त्यांना बेळगावला यायचंच असेल तर खंड्याही येईल. दुसरा मजला आहे, सोसायटीत कुणीतरी कुरकुरेल, ते मला ठाऊक आहे. भारतीय पशू कल्याण मंडळानं २०१५ साली स्पष्ट सांगितलं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. लसीचा दाखला दाखवा, जिन्यात घाण झाली तर लगेच पुसून घ्या, बाहेर नेताना पट्टा घाला, बाकीचं शेजारधर्मानं निभावतं. दिवाळीच्या आठवड्यात मात्र त्याला शहरात आणू नका. जांबोटीच्या रानात वाढलेल्या कुत्र्याला टिळकवाडीतले फटाके सोसणार नाहीत, घाबरून जिन्यातून पळाला तर सापडणार नाही. तुळशीचं लग्न झालं की आणा. आधी दोन-तीनदा एका रात्रीपुरता आणून बघा. फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, तिथं गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाका. सासऱ्यांचं घोंगडं किंवा नेसून जुनं झालेलं धोतर असेल तर न धुता त्याच्या झोपायच्या जागी घाला. त्याचं जग वासाचं आहे, त्या वासावर तो नव्या घरात डोळा मिटेल.

तो खात नाही, फाट्यावर येत नाही, याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही तपासायला हवीत. दुःख आहेच. माणूस गेला की कुत्रं शोधतं, वाट बघतं, जेवण टाकतं, हे खेड्यात कुणाला सांगायला नको. पण सगळंच दुःखाच्या खाती टाकू नका. आपल्याकडं पावसाळ्यात गोचीड फार, आणि गोचिडीपासून येणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. खाणं तुटतं, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो. तेव्हा या शनिवारी त्याचा ओठ वर करून हिरडी बघा, कानाच्या मागं, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून गोचिड्या आहेत का बघा, आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून रक्त तपासायला सांगा. दात किडला असेल, सांधे दुखत असतील, तेही कळेल. घरातली डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ नका. आपल्याला चालणाऱ्या त्या गोळ्या कुत्र्याचं लिव्हर-किडनी निकामी करू शकतात.

खाण्याचं निघालंच आहे तर मुलांनाही सांगा. पिशवीतून खंड्यासाठी चोरून काय काय जातं ते आईला कळत नाही असं मुलांना वाटतं. बेळगावचा कुंदा त्याला नको, नुसती साखर आणि खवा. चॉकलेट विषारी. द्राक्षं आणि बेदाणे विषारी, अथणीकडची पेटी घरात आली की त्यातला एकही घड त्याच्यापुढं टाकायचा नाही, आणि करदंटात, म्हणजे आपल्याकडच्या सुक्या मेव्याच्या मिठाईत, बेदाणे असतील तर तोही नाही. कांदा-लसणाचा रस्सा कुस्करून घालायची आपली जुनी सवय, तीही मोडायला हवी. कोमट भाकरी, थोडं ताक किंवा बिनमसाल्याचं उकडलेलं अंडं, म्हातारपणी याहून जास्त काही लागत नाही.

आता तुमचा थोरला. "खंड्याला आम्ही नको झालो," हे तो खंड्याबद्दल बोलतोय असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. आजोबा गेले, फाट्यावर कुणी उभं नाही, बस थांबते आणि उतरलं की मोकळा रस्ता. हे सगळं बोलायला बारा वर्षांच्या मुलाकडं शब्द नाहीत. दिवसकार्याच्या वेळी त्याला कुणीतरी 'तू मोठा, तू रडायचं नाहीस, आजीला धीर दे' असं सांगितलं असणार, आपल्याकडं सगळ्यांच्याच घरी सांगतात. तेव्हापासून तो मागच्या दारी खंड्याजवळ जाऊन बसत असेल. कुत्र्यापुढं रडलं तर कुणी बघत नाही, 'काय झालं' म्हणून विचारत नाही. एवढी एकच जागा त्याला उरली आहे. तीच पळून गेली असं सांगणार?

त्याला नीट समजावून सांगा. खंड्या फाट्यावर यायचा तो आजोबांमागून. आजोबांनी चपला घातल्या, कोपऱ्यातली काठी उचलली, की तो आधी फाटकाशी. बस किती वाजता येते हे त्याला आजोबांवरून कळायचं. आता काठी कुणी उचलत नाही. तेव्हा शनिवारी गावी पोचलं की थोरल्यानं चहा-पाणी झाल्यावर आजोबांची काठी घ्यावी, सोप्यात उभं राहून आजोबा द्यायचे तशीच हाक द्यावी, "खंड्या, चल की रं!" आणि हळूहळू फाट्यापर्यंत जाऊन यावं. पहिल्या वेळी तो उठणार नाही कदाचित. दुसऱ्या वेळी दारापर्यंत येईल. ओढायचं नाही, थांबायचं. गोचिड्या काढणं, पाण्याचं भांडं घासणं, संध्याकाळी आत घेणं, हेही त्याच्याकडं द्या. आजोबांची ही कामं त्याच्या हातात आली की आजोबांबद्दल तो आजीशी बोलायला लागेल, कारण विचारावंच लागेल: आजोबा गोचिडी कशानं काढायचे? आधी पाणी द्यायचे की भाकरी?

धाकटीचं वेगळं. तिला आधी सांगा की खंड्या रागावलेला नव्हता, तो दचकला. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येतं, डोळ्यावर सायही येते. झोपेत अंगावर कुणी पडलं तर तो आधी दात दाखवतो, मग बघतो कोण ते. तिला हे नियम पाठ करायला लावा: झोपलेल्या खंड्याला हात लावायचा नाही, लांबून जमिनीवर पाय आपटून उठवायचं. खाताना जवळ जायचं नाही. गळ्यात पडायचं नाही, बाजूला बसून छातीवर किंवा मानेच्या कडेला खाजवायचं. तो तोंड फिरवायला लागला, ओठ चाटायला लागला, कान मागं पाडून अंग ताठ केलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, की त्याला पुरे झालं. तेव्हा उठून यायचं. कुत्री गुरकावण्याआधी इतकं सगळं सांगत असतात, आपण बघत नाही. आणि तो गुरकावला तर त्याला मारू नका. गुरकावण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरकावता चावतं. हे दोन-तीन महिने त्या दोघांना एकटं सोडू नका, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

'पळून गेलं' हे सांगू नका, याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. पहिली गोष्ट, ते टिकणार नाही. पुढच्या शनिवारी शेजारची पोरं सांगतील, "तुमचा खंड्या आमच्याकडं हाय की!" दुसरं, सात वर्षांची मुलगी 'पळून गेला' ऐकून शोधायला बसते. दर वळणावर बसच्या खिडकीतून शोधत राहील. आणि तिच्या मनात येईल की मी गळ्यात पडले म्हणून तो गेला. तो भार तिच्यावर टाकायचा नाही.

मुधोळच्या पिल्लाचंही तसंच. मुधोळ हाऊंडचा आपल्या भागाला अभिमान आहे आणि तो असावाच. घोरपडे राजांनी जोपासलेली ही जात, २००५ साली टपाल तिकिटावर आली, पुढं लष्करानंही घेतली. पण तो शिकारीसाठी तयार झालेला, लांब पायांचा, मोकळ्या माळावर धावणारा कुत्रा. दुसऱ्या मजल्यावर, शाळा-ऑफिसच्या वेळा सांभाळत त्याचे हाल होतील. आणि आजोबांच्या जागी बाजारातून काही आणून भरता येत नाही, हे तुमची मुलं तुमच्या आधी ओळखतील. पुढं कधी वर्ष-दोन वर्षांनी मुलांनीच कुत्रं मागितलं, तर गावठी पिल्लू घ्या, रस्त्यावर आहेतच.

शेवटचा प्रश्न. खंड्याचं वय ११, गावठी कुत्रं नीट जपलं तर आणखी काही वर्षं काढतं, पण तो म्हातारा आहे हे मुलांना आतापासून सांगून ठेवा. तो गेला की 'देवाकडं गेला', 'झोपला' असं बोलू नका. धाकटीला 'झोपला' म्हणाल तर तिला रात्री झोपायची भीती वाटेल. 'मेला' म्हणा, आणि आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही हेही सांगा. वेदना फार होत असतील आणि डॉक्टर इंजेक्शन द्यायचं म्हणाले, तर निर्णय सासूबाई आणि तुम्ही घ्या, मुलांवर तो टाकू नका. झाल्यावर काय झालं ते खरं सांगा. आपल्याच शेतात पुरा, विहिरीपासून लांब, तीन-चार फूट खोल, वर दगड ठेवा म्हणजे कोल्हे उकरणार नाहीत. खड्ड्याला थोरल्याचा हात लागू द्या. धाकटीला यायचं असेल तर येऊ द्या, नको म्हणाली तर सासूबाईंजवळ घरी बसू द्या. आणि तोपर्यंत सासूबाई गावात राहत असतील, तर त्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्याजवळ राहायला जा, सकाळी चूल पेटतेय ना ते बघायला.